उजेडाला धरलेला पेला

रविवार, १ जून १९९७, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. काकांनी तांब्याच्या भांड्यातले रात्रभर ठेवलेले पाणी काचेच्या पेल्यात ओतले, पेला गॅलरीतून येणाऱ्या उजेडाला धरला, डावा डोळा मिटला, पेला एकदा इकडे आणि एकदा तिकडे कलता केला, आणि म्हणाले, "मंजूर." मग ते पाणी एका दमात प्याले. त्याआधी दोनच मिनिटे मी त्यांच्या दंडावरचा पट्टा सोडला होता आणि नव्या कोऱ्या नोंदवहीत पहिला आकडा लिहिला होता: १६६/१०२.

उजेडाला धरण्याची ही सवय समजून घेतल्याशिवाय काका समजणार नाहीत. नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात त्यांनी बत्तीस वर्षे टपाल तिकिटांचे ताव तपासले होते. रंग पसरला आहे का, छिद्रांची ओळ तिरपी गेली आहे का, कागदात डाग आहे का, हे पाहायचे आणि ताव मंजूर करायचा किंवा रद्द. निवृत्तीनंतर ताव गेले, हात तसाच राहिला. विजेचे बिल, लग्नपत्रिका, उडदाचा पापड, दोरीवरून काढलेला टॉवेल, सगळे आधी उजेडासमोर जायचे. "उजेडाला धरलं की कळतं," हे त्यांचे वाक्य आमच्या वसाहतीतल्या लहान मुलांनाही पाठ होते. आमच्या घरी आले आणि आईने पोहे दिले, तर त्यातला एक कढीपत्ता उचलून ते खिडकीकडे धरत. "शिरा स्वच्छ. मंजूर." तुमच्याही ओळखीत असा एखादा निवृत्त माणूस असेल, ज्याने कचेरी सोडली पण कचेरीची खुर्ची मनात तशीच मांडून ठेवली आहे.

मी तेव्हा वीस वर्षांची होते, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात जात होते आणि पुढे संशोधन करणार याबद्दल मला शंका नव्हती. काकांचे बिऱ्हाड आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर. एका संध्याकाळी ते खाली आले, माझ्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकाचे एक पान उजेडाला धरून पाहिले आणि म्हणाले, "कागद बरा आहे. तू मला मोजशील का?"

त्यांचा प्रस्ताव व्यवस्थित होता. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाब सांगितला होता आणि रोज सकाळी एक गोळी, आयुष्यभर. यातल्या गोळीपेक्षा 'आयुष्यभर' या शब्दावर त्यांचा आक्षेप होता.

"छपाईत रोज तोच दोष येत असेल, तर साचा दुरुस्त करतात," ते म्हणाले. "प्रत्येक तावावर हाताने रंग लावत बसत नाहीत. गोळी म्हणजे हाताने रंग लावणं. मला साचा दुरुस्त करायचा आहे."

"कसा?"

"ते शोधायचं आहे. एकेका पद्धतीला सहा आठवडे. दर रविवारी मोजणी. तू तटस्थ निरीक्षक."

त्या काळात साचा दुरुस्त करणाऱ्या पद्धतींना आमच्याकडे तोटा नव्हता. वसाहतीत दर दोन इमारतींमागे एक उपचार नांदत होता. कुणी पहाटे दोन लिटर पाणी पीत होते, कुणी तळव्यांचे बिंदू दाबत होते, कुणाकडे साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांच्या वीस बाटल्या होत्या. बसस्टॉपवर हवापाण्याच्या आधी पित्ताची चौकशी होई. काकांनी या सगळ्यांतून पाच पद्धती निवडल्या, त्यांचे वेळापत्रक आखले, पाऱ्याचे यंत्र विकत आणले आणि ते कसे वापरायचे हे मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडून शिकून आले. नियम मी ठरवले: पाच मिनिटे स्वस्थ बसायचे, तीन वेळा मोजायचे, मधला आकडा लिहायचा. त्या दिवसापासून काका मला नावाने हाक मारीनासे झाले. "या, तटस्थ," असे म्हणून दार उघडत.

तांब्याचे पाणी सहा आठवडे चालले. आकडा १६४ आणि १६८ यांच्या मध्ये घुटमळत राहिला. "रद्द," काका म्हणाले आणि भांडे काकूंना परत दिले. काकूंनी त्यात मोगरा ठेवला.

काकूंविषयी सांगायला हवे. पण खरे सांगायचे तर त्या काळात मी त्यांच्याकडे फारसे पाहिलेच नाही. त्या सिन्नरकडच्या, बुटक्या, चपळ, कमी बोलणाऱ्या. मोजणी चालू असताना स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या राहत, आकडा ऐकत आणि आत जात. काकांच्या थोरल्या भावाला पन्नाशीतच अर्धांगवायू झाला होता आणि शेवटचे वर्षभर अंथरुणात त्याचे सगळे काकूंनीच केले होते, हे मला आईकडून माहीत होते. नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता.

दुसरी पद्धत टोचऱ्या चपलांची. रबरी तळव्यावर बोटभर उंचीच्या गुठळ्या. काका त्या घालून जिना चढू लागले की प्रत्येक पायरीला एक "अगं आई" ऐकू येई. चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिका त्यावरून काका कुठवर आले ते ओळखत आणि दाराबाहेर ठेवलेले दुधाचे पातेले त्यांच्या पायाखाली येण्याआधी आत घेत. सहा आठवड्यांनी आकडा १६६. "रद्द." चपला पुढे बरीच वर्षे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी होत्या.

तिसरी पद्धत दुधीच्या रसाची, आणि येथे प्रथमच काहीतरी घडले. मखमलाबादहून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या बाईंनी रोज एक दुधी आणायचे ठरले. तिसऱ्या दिवशी त्या काकूंना म्हणाल्या, "रोज येवढा दुधी? घरात मानसं किती हायेत?"

"दोन."

"मंग ढोरं किती हायेत?"

दुसऱ्या रविवारी आकडा १५० वर आला, चौथ्या रविवारी १४०, सहाव्या रविवारी १३८/८६. मी यंत्र तपासले, पट्टा तपासला, स्वतःचा दाब मोजून पाहिला. सगळे ठीक होते. काकांनी फिकट हिरवा, दुधासारखा गढूळ पेला उजेडाला धरला आणि प्रथमच दोनदा म्हणाले, "मंजूर. मंजूर."

परंतु वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. पाच पद्धती ठरल्या होत्या, तर पाचही व्हायला हव्यात. चौथ्या पद्धतीत मनगटावर लोहचुंबकाचा पट्टा आला. दाब पुन्हा १६० च्या वर चढला, काकांचे चावीचे घड्याळ रोज वीस मिनिटे पुढे जाऊ लागले आणि एकदा गोदरेजच्या कपाटाजवळून जाताना त्यांचा हात दाराला जो चिकटला, तो काकूंनी येऊन सोडवला. "रद्द," काका म्हणाले. "पण ताकद आहे."

नोव्हेंबरच्या मध्याला गव्हांकुर सुरू झाले. गच्चीवर द्राक्षांच्या सात लाकडी पेट्या, आत गोणपाट आणि माती. रोज एका पेटीत गहू पेरायचा, आठव्या दिवशी वीतभर हिरवे कापायचे, वाटून, फडक्यातून गाळून प्यायचे. सात पेट्यांत सात दिवसांचे हिरवे एका ओळीत उभे राहिले की ते एखाद्या आलेखासारखे दिसे, आणि मला ते फार आवडे. रविवारी सकाळी गच्चीवर आठ-दहा माणसे जमू लागली. कुणाचा गुडघा, कुणाची आम्लपित्ताची जळजळ, कुणाचे केस. येणाऱ्याला अर्धी वाटी रस आणि माझा ताजा आकडा मिळे. मी निरीक्षण केले आहे, तुम्हीही केले असेल: गोळी माणूस एकटा, पाठ फिरवून गिळतो, रस चारचौघांत, गप्पा मारीत पितो. निम्मा गुण या गप्पांचा असावा, असे मी वहीच्या समासात लिहून ठेवले होते.

या मंडळींत सोनवणे होते. शेजारच्या इमारतीत राहणारे, सातपूरच्या कारखान्यात पत्रा कापायच्या यंत्रावर काम करणारे, चाळिशीचे. पाळी बदलली की झोप बदलायची आणि दोन वर्षांपासून त्यांनाही दाब होता. ते दर वेळी काकांच्या आकड्याची चौकशी करत आणि आपल्या घरी नेण्यासाठी कापलेल्या गव्हाची जुडी घेऊन जात.

आकडा उतरतच होता. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी १३४/८४. काकांनी जाहीर केले की संक्रांतीनंतरच्या रविवारी, वसाहतीच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात, ते नोंदवही वाचून दाखवतील आणि प्रत्येक घराला तिळगुळाबरोबर गव्हांकुराची एक पेटी देतील. चाळीस घरे, चाळीस पेट्या. निफाडहून पेट्या मागवल्याही होत्या.

मीसुद्धा मागे नव्हते. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी मी आलेख काढला. तांबे, चपला, चुंबक: तीन डोंगर. दुधी, गव्हांकुर: दोन दऱ्या. स्पष्टीकरण माझ्याकडे तयार होते. दोन्ही वनस्पतींचे रस. वनस्पतींत पोटॅशियम भरपूर. पोटॅशियमने दाब उतरतो. इतके सुबक स्पष्टीकरण वयाच्या विसाव्या वर्षी सुचले की माणूस ते उजेडाला धरून पाहत नाही. तरी शिकवलेले काही अंगात होते. मी काकांना म्हणाले, "कार्यक्रमाआधी दोन आठवडे एक पडताळणी करू. गव्हांकुर थांबवू आणि नारळपाणी घेऊ. त्यातही पोटॅशियम आहे. दाब खालीच राहिला, तर माझं म्हणणं सिद्ध."

काकांना पडताळणी हा शब्द आवडला. काकू दारात होत्या. त्या म्हणाल्या, "चांगलं चाललंय ते कशाला मोडायचं?"

"अगं, हे शास्त्र आहे," काका म्हणाले.

"हो, पण ते नारळपाणी आहे," काकू म्हणाल्या, आणि हे उत्तर मला तेव्हा निव्वळ असंबद्ध वाटले.

रविवार, ११ जानेवारी १९९८. तिन्ही वेळा मोजले. मधला आकडा १६२/१००. माझे पोटॅशियम गेले. मी वही मांडीवर घेऊन बसले आणि काका नेहमीप्रमाणे नारळपाण्याचा पेला उजेडाला धरून उभे राहिले. सकाळच्या उन्हात पाणी लख्ख होते. पेल्याच्या पलीकडची गॅलरीची जाळी, जाळीवरचा टॉवेल, टॉवेलचा लाल काठ, सगळे दिसत होते. "मंजूर," काका म्हणाले. मी सहज दाराकडे पाहिले. काकू त्या पेल्याकडे पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पेपर अवघड आलेल्या मुलीचा भाव होता.

मी पुन्हा आलेखाकडे पाहिले. तांब्याचे पाणी: आरपार दिसणारे. चपला आणि पट्टा: प्यायचे काहीच नाही. नारळपाणी: आरपार दिसणारे. दुधी: गढूळ. गव्हांकुर: गडद. जे काकांना उजेडात आरपार दिसत होते, त्याचा एकदाही गुण आला नव्हता.

मी पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेले. ओट्यावर पितळेचा छोटा खलबत्ता होता. आत, कडेला, पांढरी पूड चिकटलेली.

"काकू, हे काय?"

"वेलदोडा कुटते त्यात."

"वेलदोडा पांढरा नसतो."

काकूंनी बाहेरचा कानोसा घेतला. मग खलबत्ता पदराखाली घेऊन हळू आवाजात, पण अतिशय मुद्देसूद, त्यांनी सांगितले. डॉक्टरांची चिठ्ठी काकांनी फेकली, ती त्यांनी उचलून ठेवली. मेडिकलवाला ती दाखवली की गोळ्या देतो. गोळी कुटून वरणात घालून पाहिली. पण वरण अर्धे ताटात राहिले, की गोळीही अर्धी ताटात राहते. पाण्यात घालावी, तर ते पेला उजेडाला धरतात आणि तळाशी पांढरे दिसते. चहा-दूध त्यांनी सोडलेले. "दुधी आला तेव्हा सुटले मी. गव्हाच्या रसात तर काय, एक म्हणजे एक कण दिसत नाही. पूर्ण गोळी पोटात जाते."

"आणि चुंबकाच्या वेळी?"

"चुंबकात कुठे घालू?"

मला हसू येत होते आणि माझ्या प्रकल्पाची राखही समोर दिसत होती. मी म्हणाले, "काकांना सांगायला हवं."

"तू तटस्थ आहेस ना?" काकू म्हणाल्या. "मग तटस्थच राहा. सांगितलंस तर हे रससुद्धा सोडतील. मग मी कशात घालू?"

 एका बाजूला चाळीस घरे होती, ज्यांना पुढच्या रविवारी हा आकडा पुरावा म्हणून ऐकवला जाणार होता. दुसऱ्या बाजूला ही बाई होती, जिने एक माणूस अंथरुणात जाताना पाहिला होता आणि दुसरा जाऊ नये म्हणून जी रोज पहाटे खलबत्त्याचा आवाज पदराने दाबत होती. आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "काका, हाय का घरात?"

सोनवणे रात्रपाळी करून सरळ आले होते, गव्हाची जुडी न्यायला. डोळे तांबारलेले. "डोकं जरा जड हाय," ते म्हणाले. "पाळीचं असंल."

"मोजा की त्यांचाही," काका मला म्हणाले.

मी पट्टा बांधला. पहिल्या वेळी पारा कुठवर गेला ते पाहून मी पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. मधला आकडा १८२/११४.

"सोनवणे, तुम्ही गोळी घेता ना?"

"नाय ताई. महिना झाला सोडून. काका बी घेत नाय, आन् त्यांचा बघा कसा उतारलाय. रस चालू हाय ना माझा, रोज, न चुकता."

 मी तोंड उघडले. पण माझ्याआधी काकू दारातून दोन पावले पुढे आल्या, आणि त्यांनी जो प्रश्न विचारला तो कोणत्याही शोधनिबंधात शोभला असता.

"सोनवणे, तुमच्या रसात तुमची बायको काय घालते?"

"रसात?" सोनवणे गोंधळले. "लिंबू पिळती थोडं."

"मग उपयोग नाही," काकू म्हणाल्या, आणि पदराखालचा खलबत्ता काढून त्यांनी टीपॉयवर ठेवला. शेजारी गोळ्यांची पट्टी ठेवली. दहातल्या चार जागा रिकाम्या होत्या.

काका ते पाहत राहिले. मग त्यांनी खलबत्ता उचलला, गॅलरीत नेला आणि उजेडाला धरला. पितळेच्या खलबत्त्यातून काय दिसणार. पण ते बराच वेळ पाहत होते. मला त्यांच्या रागाची भीती वाटत होती. त्याहून अधिक भीती ते शांतपणे "रद्द" म्हणतील याची होती, आणि त्यात नेमके काय रद्द होईल याची.

"बत्तीस वर्षं," ते शेवटी म्हणाले. "एक सदोष ताव माझ्या हातून सुटला नाही. आणि तू घरात बसून तीन महिने तपासणी विभागाला चुकवलंस."

"दुधीचे दीड आणि गव्हाचे दीड," काकू म्हणाल्या. "तीनच."

काकांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटले ते रडताहेत. ते हसत होते. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, इतके की चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिका काय झाले म्हणून डोकावून गेल्या. सोनवणे बिचारे दंडाला पट्टा तसाच बांधलेला घेऊन सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

हसून झाल्यावर काकांनी पट्टीतली एक गोळी काढली आणि सवयीने उजेडाला धरली.

"हिच्यातून काही दिसत नाही," ते म्हणाले.

"गिळायची असते ती," काकू म्हणाल्या. "बघायची नसते."

त्यांनी ती गिळली, नारळपाण्याबरोबर. मग चप्पल पायात सरकवली, सोनवण्यांचा हात धरला आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांना स्वतः घेऊन गेले. जाताना जिन्यात त्यांचा आवाज येत होता, "माझी चूक आहे, सोनवणे. अपुऱ्या तपासणीवर मी तुम्हाला मंजुरी दिली."

पुढच्या रविवारी गच्चीवर वसाहत जमली. काकांनी कार्यक्रम रद्द करावा, असे मी सुचवून पाहिले होते. ते म्हणाले, "ताव बाहेर गेला असेल, तर परत बोलवावा लागतो. गुपचूप नाही. नोंद करून." पांढरा सदरा घालून ते उभे राहिले आणि त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. तेहतीस रविवारांचे आकडे, एकही न गाळता. मग चष्मा काढला.

"मित्रहो, यातले दोन उतार माझ्या बायकोचे आहेत," ते म्हणाले, आणि खलबत्त्याची गोष्ट सांगितली.

 नंतर बायकांच्या बाजूने हसण्याची जी लाट उठली, ती तिळगुळाची ताटे हलवून गेली. पुरुषांच्या बाजूला मात्र एक वेगळाच विचार पसरत होता. काकांच्या छापखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, "म्हणजे गव्हांकुर फुकट गेलं?"

"फुकट काही नाही. हिरवं आहे, चवीला वाईट आहे, त्यामुळे माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं. प्या. पण गोळी सोडू नका. आणि सोडायचीच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि डॉक्टरांच्याही आधी बायकोला."

चाळीस पेट्या वाटल्या गेल्या. प्रत्येक पेटीवर काकांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली होती: गोळीसह घ्यावे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, हे माझ्या आईने खाली दूध घेताना स्वतः पाहिले, समोरच्या इमारतीत तीन वेगवेगळ्या गॅलऱ्यांत तीन पुरुष आपापला चहा उजेडाला धरून उभे होते.

सोनवण्यांचा आकडा फेब्रुवारीअखेर १४०/८८ वर आला. मोजून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, तुमचं यंत्र लय फटकळ हाय. तोंडावर बोलतं." पुढे ते गच्चीवर यायचे बंद झाले नाहीत, लिंबू आणि गोळी, दोन्ही घेऊन यायचे.

माझा प्रकल्प मी तसाच सादर केला, पडलेल्या गृहीतकासकट. परीक्षकांनी विचारले, "यातून तुम्ही काय शिकलात?" मी म्हणाले, "सर, प्रयोग ज्या घरात केला, त्या घरातली दोनच माणसं. त्यांतल्या एकालाच मी मोजलं." त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या शिक्षणासाठी शिफारस लिहून दिली. उन्हाळ्यानंतर मी पुण्याला गेले. पुढची वर्षे प्रयोगशाळा, प्रबंध आणि नोकरी यांत गेली.

काकांनी पद्धती सोडल्या असतील, असे तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही त्यांना ओळखले नाही. हास्यक्लब आला, मुद्रा आल्या, टीव्हीवर पहाटे श्वासांची लाट आली. काकांनी सगळ्यांना सहा आठवडे दिले. फरक एवढाच की वहीत एक नवा रकाना आला: 'गोळी', आणि त्यात प्रत्येक ओळीला त्यांच्या सुबक अक्षरात 'होय'. मी सुटीला आले की रविवारी सहा चाळीसला वर जाई. "या, तटस्थ." एकदा मी विचारले, "काका, साचा दुरुस्त झाला का?"

"काही साचे होत नाहीत," ते म्हणाले. "रोज हाताने रंग लावावा लागतो." स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. "लावणारं कोणी असलं, म्हणजे झालं."

२००८ च्या दिवाळीत मी त्यांचा शेवटचा आकडा घेतला: १२८/८०. डिसेंबरात त्यांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले, एकाहत्तराव्या वर्षी. "दाब मात्र शेवटपर्यंत चांगला होता," काकू भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, जणू एखादा विद्यार्थी उत्तम गुणांनी पास झाला आहे.

फेब्रुवारीत मी नाशिक रोडला आले, तेव्हा रविवारी सवयीने वर गेले. दार उघडे होते. दाराशी त्या टोचऱ्या चपला. गॅलरीजवळची खुर्ची जागेवर, टीपॉयवर यंत्र आणि वही. काकूंनी चहाचे दोन कप आणून ठेवले आणि त्या काकांच्या खुर्चीवर बसल्या. बाही वर सरकवली आणि हात टीपॉयवर पालथा ठेवला, मग आठवण होऊन उताणा केला. अकरा वर्षे त्या दारातून पाहत होत्या. कसे बसायचे ते त्यांना पाठ होते.

"माझा कधी घेतलाच नाहीस," त्या म्हणाल्या.

मी पट्टा बांधला. पाच मिनिटे आम्ही स्वस्थ बसलो. गच्चीवरून कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत होता. पेट्या अजून चालू होत्या. मी वहीत काकांच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली: ८ फेब्रुवारी २००९, सकाळचे सहा चाळीस.

"पद्धतीच्या रकान्यात काय लिहू?"

"चहा लिही. दोन वेळा. साखर घालून."

"आणि गोळी?"

काकूंनी आपला कप उचलला, गॅलरीतल्या उजेडाला धरला, डावा डोळा मिटला आणि चहाकडे निरखून पाहिले.

"माझ्या चहात कोण घालणार गं," त्या म्हणाल्या. "नाही, असं लिही."

मी तीन वेळा मोजले आणि मधला आकडा लिहिला: १२६/७८.